झेरॉक्सवाल्याला पाठ झालेली गोष्टीची पुस्तकं: स्टोरीवीव्हर सात महिने वापरून

आधीच सांगून टाकतो, मुलांच्या गोष्टींच्या ह्या साईटचा रिव्ह्यू लिहिणाऱ्याला स्वतःलाच मराठी धड वाचता येत नव्हतं. हसू नका. बडोद्यातली आमची ही चौथी पिढी, घर दांडिया बझारात, घरात बोलणं मराठी, दीड दिवसाचा गणपती, पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं रीतसर. पण मी शिकलो गुजराती मीडियमला. त्यामुळे गुजराती पेपर दहा मिनिटांत संपवतो आणि मराठी पेपर दिला तर हेडलाईन वाचून खालचे फोटो बघतो. बायको कल्याणची, ती वाचते भराभर, पण ती सात वाजता घरी येते आणि मग तिच्या अंगात काही उरत नाही. म्हणजे पोराला मराठी वाचायला लावायचं काम शिफ्टवाल्या बापाकडे, म्हणजे माझ्याकडे.

पोरगा तिसरीत, इंग्लिश मीडियम. गुजरातीची २०२३ पासून कायद्यानेच सक्ती आहे पहिली ते आठवी, ते चांगलंच आहे, इथे राहायचं तर यायलाच पाहिजे. हिंदी पण आहे. म्हणजे गडी तीन भाषा वाचतो आणि जी दिवसभर घरात बोलतो ती चौथी तेवढी वाचत नाही. आम्हाला वाटायचं अरे हिंदी येतं म्हणजे अक्षरं तर तीच आहेत, वाचेल आपोआप. तर एकदा आई देवळात जाताना त्याच्यासाठी चिठ्ठी ठेवून गेली, दुसऱ्या डब्यात बेसनाचे लाडू आहेत, घे. ह्याने वाचलं "दुसया". दुसया म्हणजे काय कळेना, पुढचं बेसन आणि लाडू कळलं, पहिला हाताला लागला तो डबा उघडला आणि अख्खा मेथीचा लाडू तोंडात घातला. आमच्या आईचा मेथीचा लाडू म्हणजे बाळंतिणीलाच झेपतो. त्या दिवशी ठरलं की काहीतरी करायचं.

आता जे ट्राय केलं आणि बोंबललं ते थोडक्यात. २०१८ ला बडोद्यात ९१ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा पोरगा वर्षाचा होता, हौसेने स्टॉलवरून जाड जाड पुस्तकं आणून ठेवली होती मोठा झाला की वाचेल म्हणून, ती काढून दिली. त्याने वजन बघितलं आणि परत दिली. मग एका ऑनलाईनवाल्यांचं महिन्याचं मराठी पुस्तकांचं खोकं लावलं, नाव नाही घेत, महिन्याला सहाशे रुपये. पहिलं खोकं तीन आठवडे लेट, आत दोन पुस्तकं दोन वर्षांच्या बाळाची जाड पुठ्ठ्यावाली, एक बरं होतं, पण प्रत्येक पुस्तकात एक ऍक्टिव्हिटी शीट. "या गोष्टीतून तू काय शिकलास?" खाली चार रेघा. पोरगं एका सेकंदात ओळखतं हो की हे होमवर्क आहे, रंगीत कागदावर छापलं तरी. दोन महिन्यांत बंद केलं. आणि तिसरं म्हणजे मी स्वतः दिलेली लाच, पाच पुस्तकं वाचली की रविवारी सेव उसळ. तर साहेब पानं मोजायला लागले, कमी पानांची पाच निवडायची, भराभर ओठ हलवायचे आणि पप्पा चला. सेव उसळ झाली, वाचन काही झालं नाही.

मग बायकोच्या ऑफिसातल्या एकीने स्टोरीवीव्हर सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बेंगळुरूची प्रथम बुक्स म्हणून संस्था आहे, नफ्यासाठी नसलेली, मुलांची पुस्तकं काढते, त्यांनी २०१५ मध्ये ही साईट सुरू केली. चित्रांची गोष्टीची पुस्तकं, भरपूर भाषांत, मराठी आहे, गुजराती आहे, हिंदी आहे, पैसे शून्य. वाचायचं असेल तर तिथेच वाचा, नाहीतर पीडीएफ उतरवून घ्या. फुकट म्हटल्यावर मला आधी शंकाच आली, की आपण छापलं तर चोरी बिरी होईल का. नाही होत. सगळं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्सवर आहे, लिहिणाऱ्याचं, चित्रवाल्याचं, भाषांतर करणाऱ्याचं नाव ठेवून तुम्ही कॉपी काढा, छापा, वाटा, भाषांतर करा, विका सुद्धा. मी ते नीट वाचूनच पुढे गेलो, कारण मला झेरॉक्स काढायची होती.

झेरॉक्स का, तर मोबाईलवर दिलं तर पोरगं तिसऱ्या पानाला दुसरीकडे गेलेलं असतं. गोष्ट वाचतोय म्हणता म्हणता कुठल्यातरी क्रिकेटच्या व्हिडिओत. टॅबलेटवर पण तेच. म्हणून माझा पहिला सल्ला हाच, हे सगळं स्क्रीनवर असलं तरी मुलाला कागदावर द्या. हाताने उलटायचं पान पाहिजे, उशाखाली चुरगळायला पाहिजे, त्यावर चहा सांडायला पाहिजे.

तर कसं छापायचं ते सांगतो कारण ह्यात मी बरेच पैसे घालवले. पीडीएफच्या शेवटी एक दोन पानं नुसती नावांची आणि लायसन्सची असतात, बारीक अक्षरात. नावं ठेवायची हां, ज्यांनी फुकट दिलं त्यांचं नाव तरी राहिलं पाहिजे, मी ते पान बारीक करून मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवतो. पण अगदी शेवटचं मागचं कव्हर मात्र छापू नका. त्यावर लिहिलेलं असतं की हे पुस्तक कुठल्या लेव्हलचं आहे. चार लेव्हल आहेत, पहिलीत अडीचशेच्या आत शब्द, सोपे आणि तेच तेच परत येणारे, दुसरी सहाशेपर्यंत, तिसरी दीड हजारापर्यंत, चौथी त्याच्यावर. आपल्या कामाची माहिती आहे, पोराच्या कामाची नाही. आमच्याकडे पहिल्याच दिवशी पठ्ठ्याने मागचं पान वाचलं आणि म्हणाला, पप्पा मी थर्डमध्ये आहे आणि ही लेव्हल वन आहे, ही तर बेबीची आहे. झालं. वाचायला येतं पहिल्या लेव्हलचं आणि इज्जत तिसऱ्या लेव्हलची. तेव्हापासून लेव्हल फक्त मला माहीत असते.

बुकलेट सेटिंग करायला सांगायचं, ए फोरचा एक कागद दोन्हीकडून छापला की छोट्या आकाराची चार पानं बसतात, म्हणजे सोळा पानांची गोष्ट चार कागदांत, मधे घडी आणि दोन स्टेपल. आमच्या गल्लीच्या तोंडाला जो झेरॉक्सवाला आहे तो ब्लॅक अँड व्हाईटचे एका बाजूचे दोन रुपये घेतो, कलरचे दहा. म्हणजे अख्खं कलर ऐंशी रुपये आणि काळंपांढरं सोळा. पहिली तीन मी कलर काढली, मग खिशाने ओरड केली म्हणून काळीपांढरी. आणि गंमत म्हणजे काळीपांढरीच जास्त चालली, कारण त्यात हा स्केचपेनने रंग भरतो. आणि रंग भरायचा म्हणजे पान अर्धा तास समोर असतं, तेवढ्यात तो खालची ओळ चार वेळा वाचतो, न सांगता. हत्ती हिरवा केला होता एकदा. विचारलं नाही का ते.

आता वाचताना काय होतं ते सांगतो, कारण ज्यांची मुलं हिंदीतून ही अक्षरं शिकली आहेत त्या सगळ्यांना हे होणार, तुम्ही इंदूरला असा की ग्वाल्हेरला की इथे. एक तर तो आडवा र. दुसऱ्या, साऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर. हिंदीत तो नाहीच, मुलाला ते अक्षर दिसतच नाही, डोळा पुढे सरकतो. मी पेन्सिलने पहिल्या दोन पुस्तकांत त्याच्याभोवती गोल केला, तिसऱ्यापासून गरज नाही पडली. दुसरी अडचण त्याहून मोठी, च आणि ज. "चिमणीची चोच" घ्या. चिमणीचा च वेगळा आणि चोचीचा च वेगळा, लिहायला दोन्ही सारखे. आपल्याला कधी कळतही नाही की आपण दोन वेगळे आवाज काढतोय. पोराने चोच म्हटलं ते चिमणीच्या च ने, आणि माझी आई स्वयंपाकघरातून हसून हसून बाहेर आली. जग, जहाज, चमचा, चांदोबा, सगळीकडे हेच. हे पुस्तकातून शिकताच येत नाही, ऐकूनच येतं. म्हणून आधी मोठ्याने आपण वाचायचं आणि मग त्याच्या हातात द्यायचं, उलट नाही.

एका बाबतीत मात्र बडोद्याची पोरं जिंकली, ती म्हणजे ळ. गुजरातीत ळ रोजचा आहे, म्हणून केळं, फळ, बाळ, डोळा आमच्याकडे पाण्यासारखं. माझ्या इंदूरच्या मावसभावाची मुलगी सुट्टीत आली होती, ती डोळ्याला डोला म्हणते. पोराने तिला दोन दिवस शिकवलं, असा भाव खाल्लान की विचारू नका.

पण खरं कारण हे चालण्याचं वेगळंच आहे आणि ते मला नंतर कळलं. ही गोष्ट पाच मिनिटांत संपते. माझ्यासारख्या अडखळणाऱ्या बापाला पण. सेकंड शिफ्ट करून आलो की जाड पुस्तकाचं एक प्रकरण मला झेपत नाही, आणि अर्धं सोडलं की दुसऱ्या दिवशी पोरगं पण सोडतं. ही सोळा पानं मी संपवतो. अडखळलो की तो मला दुरुस्त करतो, आणि ह्याच्याइतकी त्याला दुसरी कशात मजा येत नाही. एकदा मी "वाऱ्यावर" ला जाणूनबुजून चुकलो, तर हा उठून बसला, पप्पा तुम्हाला पण आडवा र येत नाही! मी म्हटलं नाही रे, तूच सांग. बायको म्हणते मी नाटकं करतो. निम्मी नाटकं आहेत, निम्मं खरंच.

आणि आम्ही एक नियम केला की वाचून झाल्यावर कोणीही काहीही विचारायचं नाही. आजीने पण नाही. आजीला हे फार जड गेलं, कारण तिचं मत की गोष्ट सांगितली की तात्पर्य सांगायचं. मी तिला म्हटलं, आई तू सिरीयल बघतेस तेव्हा मी येऊन विचारतो का तात्पर्य काय. तेव्हापासून गप्प आहे, पण आतून धुसफुसते.

भाषेबद्दल. ही खुली साईट आहे, कुणीही गोष्ट टाकू शकतं, कुणीही भाषांतर करू शकतं, त्यामुळे सगळ्या पुस्तकांची मराठी एका वळणाची नसणार हे उघड आहे. मी आधी स्वतः एकदा वाचतो आणि मगच छापायला देतो, तोंडात अडकणारी वाक्यं असली तर सोडून देतो, दुसरं भरपूर आहे. काही गोष्टींत शब्द आमच्या घरातले नसतात. एकीत पेरू आला. पोरगं म्हणालं पेरू म्हणजे? मी म्हटलं अरे जामफळ. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या जामफळच, आई पण जामफळच म्हणते, कल्याणच्या सुनेने येऊन बारा वर्षं झाली तरी पेरू घरात शिरला नाही. तर ह्याने पेन घेतलं, पेरू खोडलं आणि वर जामफळ लिहिलं. पूर्ण पुस्तकात, सात ठिकाणी. मग शेंगदाणे खोडून सिंग. झोका खोडून हिंचको. बायको म्हणाली हे बरोबर नाही, पुस्तकात असं खोडायचं नाही आणि मराठीत हिंचको कुठून आला. ह्यावरून आमची थोडी वाजली. माझं म्हणणं, जो मुलगा दोन महिन्यांपूर्वी वाचत नव्हता तो आज पुस्तक दुरुस्त करतोय, करू दे की. सोळा रुपयांचं आहे. आणि साईटवर भाषांतराची सोय आहेच, उद्या एखादी गोष्ट बडोद्याच्या मराठीत टाकायची असली तर टाकता येते, मनाई नाही. पेरू काय आहे ते पण त्याला आता माहीत झालंय, हा फायदा बायकोचा.

एक गोष्ट फक्त बडोदेकरांसाठी. तीच गोष्ट मराठी आणि गुजराती दोन्हीत मिळाली तर दोन्ही काढा. आम्ही हिंचक्यावर बसून एक पान तो गुजरातीत वाचतो, तेच पान मी मराठीत. त्याला गुजराती जास्त येतं, मला पण, त्यामुळे अर्थ आधीच माहीत असतो आणि मराठी ओळ जड वाटत नाही. काही शब्द दोन्हीकडे सारखे निघाले की ओरडतो. वरची रेघ काढली की गुजराती होतं अशी त्याची थियरी आहे, ती ख आणि ज ला बसत नाही हे अजून सांगितलं नाहीये.

मांडवीकडे गेलो की सेंट्रल लायब्ररीवरून जातो तेव्हा माझे आजोबा सांगायचे ते मी त्याला सांगतो. सयाजीराव महाराजांनी १९०६ ला सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याच्या आधी १८९३ ला अमरेलीकडे करून बघितलं होतं, आणि मग लक्षात आलं की शाळा सोडल्यावर हाताशी पुस्तक नसेल तर शिकलेलं विसरायला होतं. म्हणून १९१० ला अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि राज्यभर लायब्रऱ्या काढल्या. जिथे लायब्ररी नाही तिथे लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून पाठवायचे, वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. मुलांसाठी सयाजी बालज्ञानमाला म्हणून वेगळी मालिका पण काढली होती. पोराला ह्यातलं पेटीचं तेवढं आवडलं. घरी आल्यावर बुटाच्या खोक्यात झेरॉक्सची पुस्तकं भरली आणि खालच्या मजल्यावरच्या मित्राकडे पाठवली, वर लिहिलं "आठ दिवसात परत". मित्र सुरती गुजराती आहे, त्याने एक पण उघडलं नाही, पण खोकं वेळेत परत दिलं.

सात महिन्यांत आमच्याकडे एक्केचाळीस पुस्तकं झालीत, निम्मी फाटलेली. त्यातली दहाबारा तो परत परत वाचतो, बाकीची एकदाच वाचून पडली आहेत, आणि ते ठीक आहे, आपण पण घेतलेली सगळी पुस्तकं कुठे वाचतो. प्राणी असलेली चालतात. विज्ञानाची, म्हणजे पोटात काय होतं, पाऊस कुठून येतो, ती सगळ्यात जास्त चालतात. "शेअर करायला शिका" टाईप गोष्टी अजिबात चालत नाहीत, पहिल्या दोन पानांत त्याला वास येतो. तो हट्टाने तिसऱ्या लेव्हलचं पण घ्यायला लागलाय, एका बैठकीत होत नाही, दोन दिवस लागतात.

मुलगा दहा बाराचा असेल आणि लांबलचक कादंबरी पाहिजे असेल तर मात्र ही जागा ती नव्हे. त्यासाठी मला बालभारतीचं किशोर मासिक सापडलं. १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांनी स्कॅन करून साईटवर फुकट ठेवलेत. ते तिसरीतल्याला स्वतःचं स्वतः वाचायला जड आहे, मी त्यातलं कोडं किंवा एखादी कविता वाचून दाखवतो. पण खरं सांगू का, ते मी माझ्यासाठी उतरवतो. रात्री पोरगं झोपलं की मोबाईलवर एक अंक. ऐंशीच्या सुमाराचे. त्या काळात मी गुजराती बाराखडी घोटत होतो आणि तिकडे पोरं हे वाचत होती, थोडा हेवा वाटतो. मागच्या महिन्यात एक अख्खी कथा न अडखळता वाचली, बायकोला उठवून सांगितलं, तिने उशी फेकून मारली.

स्टार द्यायचे तर पाचातले साडेचार. अर्धा कापला तो इतकं भरपूर आहे की निवडायला रात्री तासभर जातो म्हणून. शाळेतल्या एका मीटिंगला मी सुचवलं होतं की मराठी मुलं तीस चाळीस आहेत तुमच्याकडे, एक शेल्फ ठेवा, छापून मी देतो. "सर वी आर अ ग्लोबल स्कूल" म्हणाल्या. त्या बाई स्वतः जोशी आहेत.

आमचा झेरॉक्सवाला भरुचकडचा. सुरुवातीला त्याला वाटायचं मी टीचर आहे. आता मी दिसलो की, "आवो साहेब, आजे कई वार्ता?", म्हणजे आज कुठली गोष्ट. आणि छापता छापता चित्रं बघून मलाच सांगतो की ही गोष्ट तुम्ही ऑगस्टमध्ये नेली होती, परत कशाला. मी म्हटलं, ती फाटली. मागच्या आठवड्यात त्याने हळूच विचारलं की हे गुजरातीत पण असतं का, मुलगी दुसरीत आहे. मी त्याच्याच कॉम्प्युटरवर साईट उघडून दिली, त्याने लगेच दोन काढली, पूर्ण कलर, मागच्या कव्हरसकट. मी म्हटलं ते शेवटचं पान नको काढूस. तो म्हणाला, साहेब, माझा कागद आहे. मग माझे सोळा रुपये मोजून घेतले.